तीन आठवड्यांत येणारा दुष्काळ

२०१८ सालच्या जून महिन्याचा पहिला आठवडा होता. एका संशोधन प्रकल्पाच्या निमित्ताने मी काही महिने दक्षिण इंग्लंडमध्ये राहत होते. गावाबाहेर फिरायला जाण्याच्या वाटेवर एका पशुपालक शेतकऱ्याची कुरणे होती. रोजच्या भेटीने थोडी ओळख झाली होती. त्या दिवशी त्याने मला विचारले, "तुम्ही पाण्याचा अभ्यास करता ना? यंदा पावसाची काही काळजी करावी का?" मी लगेच उत्तर दिले, की मुळीच नाही. हिवाळ्यातील पाऊस सरासरीइतका झाला होता, मार्च-एप्रिल तर चांगलेच ओले गेले होते आणि भूजलाची पातळी उत्तम होती. मग काळजी कशाची करायची?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच वाटेने गेले, तेव्हा हिरव्यागार कुरणाचा रंग गोणपाटासारखा झाला होता. गवताची वाढ पूर्ण थांबली होती. हिवाळ्यासाठी राखून ठेवलेले वाळले गवत तो शेतकरी भर उन्हाळ्यात गाईंना घालत होता. तो मला काही बोलला नाही, पण मी मनातून वरमले. माझी आकडेवारी चुकलेली नव्हती. चुकला होता तो हिशोब. मी खात्यात जमा किती आहे ते पाहिले होते, पण खर्च किती वेगाने होणार आहे याचा विचारच केला नव्हता.

असे दुष्काळ आता जगभर अभ्यासले जात आहेत. अमेरिकेतील अभ्यासकांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना 'फ्लॅश ड्रॉट' हे नाव दिले. आपण त्याला 'शीघ्र दुष्काळ' म्हणू. बारमाही पावसाच्या आणि समशीतोष्ण हवामानाच्या ब्रिटनसारख्या देशात असा दुष्काळ का पडावा, हे समजून घेतले, तर दुष्काळाबद्दलच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेतील एक उणीव लक्षात येते.

संथ दुष्काळ आणि शीघ्र दुष्काळ

ब्रिटनमधील जुन्या लोकांना दुष्काळ म्हटले, की १९७६ साल आठवते. परंतु तो दुष्काळ एका उन्हाळ्यात आलेला नव्हता. मे १९७५ पासून पाऊस कमी पडत होता. मधला हिवाळाही कोरडा गेला, त्यामुळे जमिनीखालचे पाणी भरून निघाले नाही. त्यावर १९७६ चा कडक उन्हाळा आला. ऑगस्ट १९७६ मध्ये तेथील संसदेला खास दुष्काळ कायदा करावा लागला आणि दुष्काळासाठी एका मंत्र्याची नेमणूक झाली. त्यानंतर काही दिवसांतच पाऊस सुरू झाला, हा विनोद तेथे अजून सांगितला जातो. मुद्दा असा, की हा दुष्काळ सोळा महिने हळूहळू शिजत होता. पर्जन्यमापकाच्या नोंदी पाहणाऱ्या कोणालाही तो येताना दिसला असता.

२०१८ चा प्रकार वेगळा होता. वसंत ऋतूच्या सुरुवातीला जमीन पाण्याने तुडुंब होती. मे महिना लख्ख उन्हाचा आणि उबदार गेला. जूनमध्ये दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागात महिन्याच्या सरासरीच्या एक-दशांश पाऊसही पडला नाही. जूनअखेरीस मँचेस्टरजवळील सॅडलवर्थ येथील माळरानाला मोठी आग लागली. त्याच सुमारास उत्तर आयर्लंडमध्ये रबरी नळीने बागेला पाणी घालण्यावर बंदी आली. ओल्या जमिनीपासून वणव्यापर्यंतचा हा प्रवास अवघ्या काही आठवड्यांत झाला.

या दोन प्रकारांतील फरक तीव्रतेचा नसून वेगाचा आहे. म्हणून शीघ्र दुष्काळाची व्याख्याही वेगावर बेतलेली असते. सर्वसाधारणपणे वापरली जाणारी एक व्याख्या अशी: पिकांच्या मुळांच्या थरातील ओलावा नेहमीच्या पातळीवरून सुमारे तीन आठवड्यांत फार खालच्या पातळीवर गेला, तर तो शीघ्र दुष्काळ. 'नेहमीची' आणि 'फार खालची' या शब्दांना नेमका अर्थ द्यायचा, तर एखाद्या ठिकाणच्या शंभर वर्षांच्या १५ जूनच्या ओलाव्याच्या नोंदी चढत्या क्रमाने मांडल्या आहेत, अशी कल्पना करा. यंदाची नोंद खालून चाळिसाव्या क्रमांकाच्या वर असेल, तर जमीन ठीक आहे. ती विसाव्या क्रमांकाच्या खाली गेली, तर दुष्काळी स्थिती आहे. चाळिसाच्या वरून विसाच्या खाली येण्यास तीन आठवडे किंवा त्याहून कमी काळ लागला, तर घसरण शीघ्र समजायची. शतमक ही संकल्पना वर्गात शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

जमा आणि खर्च

'अवर्षण' हा आपला शब्द पाहा. वर्षण नाही ते अवर्षण. या शब्दात फक्त जमेची बाजू आहे. ब्रिटनमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळाची जी व्याख्या रूढ झाली, ती अशीच होती: सलग किमान पंधरा दिवस रोजचा पाऊस ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर तो 'निखळ दुष्काळ'. मोजायला सोपी, पण एकाक्ष व्याख्या. जानेवारीतील पंधरा कोरडे दिवस आणि जूनमधील पंधरा कोरडे दिवस तिच्या लेखी सारखेच. शेतकऱ्याला मात्र जानेवारीतले ते दिवस जाणवतही नाहीत आणि जूनमधले दिवस त्याचे पीक घेऊन जातात.

खर्चाची बाजू मोजण्याचे प्रयत्नही इंग्लंडमध्येच फार पूर्वी झाले. लंडनच्या उत्तरेला हार्पेंडेन गावी १८४३ साली रॉथमस्टेड हे शेती संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे १८७० मध्ये जमिनीचे अखंड ठोकळे जागच्या जागी भिंतींनी बंदिस्त करून त्यांतून झिरपणारे पाणी मोजण्याची सोय करण्यात आली. ठोकळ्यांची खोली २०, ४० आणि ६० इंच होती. वर पडलेला पाऊस आणि खाली झिरपलेले पाणी यांतील फरक म्हणजे हवेत उडून गेलेले पाणी, असा हा सरळ हिशोब. याच केंद्रात काम करणाऱ्या हॉवर्ड पेनमन या भौतिकीच्या अभ्यासकाने १९४८ साली बाष्पीभवनाचे सूत्र मांडले. आजही जगभर त्याच सूत्राची सुधारित रूपे वापरली जातात.

पेनमनचा विचार साधा होता. पाण्याची वाफ होण्यास दोन गोष्टी लागतात. एक, अप्रकट उष्म्याचा पुरवठा. तो मुख्यतः सूर्याकडून होतो. दोन, तयार झालेली वाफ सामावून घेणारी आणि वाहून नेणारी हवा. म्हणजे ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा या चार गोष्टी माहीत असल्या, की हवा जमिनीकडे किती पाणी मागते आहे ते काढता येते. या मागणीला आपण 'हवेची तहान' म्हणू.

ही तहान तापमानाबरोबर किती वेगाने वाढते, ते एका उदाहरणाने पाहू. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील संपृक्त बाष्पदाब २३.४ हेक्टोपास्कल असतो. सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर प्रत्यक्ष बाष्पदाब १६.४ हेक्टोपास्कल. म्हणजे हवेत ७ हेक्टोपास्कल इतकी जागा रिकामी आहे. आता बाष्प तेवढेच ठेवून तापमान ३० अंशांवर नेऊ. या तापमानाला संपृक्त बाष्पदाब ४२.४ हेक्टोपास्कल असतो. रिकामी जागा झाली २६ हेक्टोपास्कल. तापमान दहा अंशांनी वाढले, तर रिकामी जागा जवळजवळ पावणेचार पट झाली! अर्थात बाष्पीभवन पावणेचार पट होत नाही, कारण त्याला लागणारी सौर ऊर्जा त्या प्रमाणात वाढलेली नसते. पण कल कोणत्या दिशेला आहे, हे यावरून स्पष्ट होते.

सौर ऊर्जेबद्दलही एक गैरसमज आपल्याकडे असतो. ब्रिटन थंड देश, म्हणून तेथे ऊन कमी, असे आपण धरून चालतो. वर्षभराचा विचार केला तर ते खरे आहे. पण जूनमध्ये दक्षिण इंग्लंडमधील दिवस साडेसोळा तासांचा असतो. सूर्य आपल्याइतका डोक्यावर येत नसला, तरी तो फार वेळ आकाशात असतो. जूनच्या उत्तरार्धात ५२ अंश उत्तर अक्षांशावर वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांत पोचणारी सौर ऊर्जा विषुववृत्तावरील ऊर्जेपेक्षाही जास्त असते. ही ऊर्जा जमिनीपर्यंत बऱ्याचदा पोचत नाही, याचे श्रेय तेथील ढगांना आहे. ढग हटले, की मग ती ऊर्जा काय करू शकते ते दिसते.

एका शेताचा हिशोब

समजा, एका शेतात १ जून रोजी मुळांच्या थरात पिकाला घेता येईल असे १०० मिलिमीटर पाणी साठलेले आहे. त्यातील निम्मे संपले, की पिकाला ताण बसू लागतो, असे धरू. जून महिन्याचा सरासरी पाऊस ५० मिलिमीटर आणि रोजचा खर्च ३ मिलिमीटर आहे. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले असले, तरी दक्षिण इंग्लंडच्या परिस्थितीला धरून आहेत. आता चार शक्यता तपासू.

पहिली: सगळे नेहमीसारखे. तीस दिवसांत खर्च ९० आणि जमा ५०. महिनाअखेर शिल्लक ६० मिलिमीटर. ताण नाही.

दुसरी: पाऊस शून्य, खर्च नेहमीचा. रोज ३ मिलिमीटर जात राहिले, तर सतराव्या दिवशी शिल्लक निम्म्यावर येते.

तिसरी: पाऊस नेहमीइतका, पण ऊन कडक असल्याने खर्च रोज ५ मिलिमीटर. पंधराव्या दिवशी शिल्लक निम्म्यावर. म्हणजे पाऊस सरासरीइतका पडूनही पीक ताणात!

चौथी: पाऊस शून्य आणि खर्च रोज ५ मिलिमीटर. दहाव्या दिवशीच शिल्लक निम्म्यावर.

तिसरी शक्यता कागदावर सोपी असली, तरी प्रत्यक्षात तितकी सहज घडत नाही. कारण पाऊस नेहमीसारखा पडायचा, तर ढग आणि दमट हवा हवी, आणि ती असली तर खर्च इतका वाढत नाही. उलट चौथी शक्यता वाटते तितकी दुर्मिळ नाही. जमा बंद होणे आणि खर्च वाढणे हे दोन योगायोग एकाच वेळी जुळून यावे लागत असतील, असे आपल्याला वाटते. पण ते दोन वेगळे योगायोग नाहीतच. त्यांचे कारण एकच आहे.

एकाच कारणाची दोन कामे

ब्रिटनचा बराचसा पाऊस अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या आवर्तांमुळे पडतो. या आवर्तांना वाट दाखवतो तो वरच्या वातावरणातील वेगवान झोतवारा. झोतवारा ब्रिटनवरून जात असेल, तर एकामागून एक पावसाळी हवा येत राहते. पण कधीकधी तो वळसा घालून उत्तरेला आइसलँडच्या बाजूला सरकतो आणि ब्रिटनवर जास्त दाबाचा प्रदेश, म्हणजे प्रत्यावर्त, ठाण मांडून बसतो. असा प्रत्यावर्त कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे, हलत नाही. येणारी आवर्ते त्याला वळसा घालून निघून जातात. २०१८ च्या उन्हाळ्यात हेच घडले होते.

प्रत्यावर्तात हवा वरून खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. ढग तयार होत नाहीत. ढग नाहीत म्हणून पाऊस नाही: जमा बंद. ढग नाहीत म्हणून दिवसभर ऊन, आणि हवा कोरडी: खर्च वाढला. एकच कारण दोन्ही कामे करते. शीघ्र दुष्काळाच्या वेगाचे पहिले रहस्य हे आहे.

दुसरे रहस्य जमिनीजवळ आहे. ओलावा निम्म्याखाली गेला, की वनस्पती पानांवरील पर्णरंध्रे मिटू लागतात आणि बाष्पोत्सर्जन घटते. वरकरणी ही बचत वाटते. पण सूर्याकडून येणारी ऊर्जा काही कमी झालेली नसते. एक चौरस मीटर क्षेत्रावरील एक मिलिमीटर पाण्याची, म्हणजे एका किलोग्रॅम पाण्याची, वाफ करण्यास सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. खर्च रोज ५ मिलिमीटरवरून २ मिलिमीटरवर आला, तर दररोज चौरस मीटरमागे सुमारे ७.३ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती आता पाण्याची वाफ करण्याऐवजी जमीन आणि हवा तापवते. एक किलोमीटर उंच हवेच्या स्तंभाचे तापमान सुमारे सहा अंशांनी वाढवण्यास एवढी ऊर्जा पुरेशी आहे. प्रत्यक्षात हवा वर-खाली मिसळते आणि काही उष्णता बाहेर टाकली जाते, त्यामुळे वाढ कमी असते. तरीही हवा अधिक तापते, अधिक कोरडी होते, तिची तहान वाढते आणि जमिनीतील उरलेसुरले पाणीही ओढले जाते. जमीन कोरडी म्हणून हवा गरम आणि हवा गरम म्हणून जमीन आणखी कोरडी, असे हे दुष्टचक्र असते. घसरगुंडीवर बसलेल्या मुलासारखा ओलावा सुरुवातीला सावकाश आणि मग वेगाने खाली जातो.

१९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ब्रिटनमध्ये चाळीस अंशांचा उंबरठा ओलांडला जाण्याची ही पहिलीच वेळ. इंग्लंडला १९३५ नंतरचा सर्वांत कोरडा जुलै त्याच वर्षी अनुभवावा लागला. उष्णतेची लाट बाहेरून, दक्षिणेकडून आली होती हे खरे, पण ती आली तेव्हा जमिनीत तिला थोपवण्यासाठी पाणी उरले नव्हते.

एकच देश, दोन स्वभाव

ब्रिटन आकाराने लहान असला, तरी सर्वत्र शीघ्र दुष्काळ सारखा वागत नाही. वायव्येकडील डोंगराळ भागात अटलांटिकचा पाऊस थेट आदळतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील डोंगरांत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आग्नेयेकडील लंडनमध्ये तो जेमतेम ६०० मिलिमीटर असतो. कोणालाही वाटेल, की शीघ्र दुष्काळाचा धोका फक्त आग्नेयेला असणार. तसे नाही.

वायव्येची सारी व्यवस्था भरपूर आणि वारंवार पडणाऱ्या पावसाच्या भरवशावर उभी आहे. मातीचा थर पातळ आहे, खालचा खडक कठीण आहे आणि पाणीपुरवठा बराचसा जलाशयांतून होतो. रोजची कमाई रोज खाणाऱ्या घरासारखी तिची स्थिती. येथे पाऊस थांबला, की परिणाम लवकर दिसतो. या भागात शीघ्र दुष्काळाचे मुख्य कारण पावसाचा खंड हेच असते. २०१८ मध्ये वायव्य इंग्लंडमध्ये ५ ऑगस्टपासून नळीबंदी लागू होणार असल्याचे जाहीर झाले होते. जुलैच्या शेवटी पाऊस आला आणि ती बंदी मागे घेण्यात आली. संकट जितक्या वेगाने आले, तितक्याच वेगाने ओसरले.

आग्नेयेला जमा मुळातच कमी आणि उन्हाळ्यातला खर्च जास्त. तेथे पावसाच्या खंडाला हवेच्या वाढलेल्या तहानेची जोड मिळते. मात्र तेथील खडूच्या खडकात भूजलाचा मोठा साठा असतो. त्यामुळे कुरणे करपली, तरी नळाला पाणी येत राहते. माझी फसगत झाली ती नेमकी येथेच. भूजलाची पातळी चांगली होती हे खरे, पण खोलवरच्या त्या पाण्यापर्यंत गवताची मुळे कुठे पोचतात? शहरातील माणसाचा दुष्काळ आणि गवताचा दुष्काळ वेगवेगळा असतो.

मातीच्या साठवणुकीतील फरक किती सूक्ष्म पातळीवर जाणवतो, याचे एक सुंदर उदाहरण शेजारच्या आयर्लंडमध्ये त्याच उन्हाळ्यात मिळाले. बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज हे प्राचीन स्मारक आहे. जुलै २०१८ मध्ये त्याच्याजवळच्या एका शेताची ड्रोनमधून छायाचित्रे घेताना पिकात हिरव्या रेघांचे एक प्रचंड वर्तुळ दिसले. नवाश्मयुगातील माणसांनी खोदलेले खड्डे आणि चर काळाच्या ओघात मातीने भरून गेले होते. ही भरावाची माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा अधिक ओलावा धरून होती. भोवतालचे पीक पिवळे पडले तरी त्या रेघांवरचे पीक हिरवे राहिले आणि हजारो वर्षे लपलेली रचना उघड झाली. सुपीक, खोल माती म्हणजे पिकाची मुदत ठेव असते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे चित्र माझ्या पाहण्यात नाही.

वेळीच कसे ओळखायचे?

दुष्काळाच्या बहुतेक सूचना महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या पावसावर आधारलेल्या असतात. संथ दुष्काळासाठी त्या पुरतात. पण तीन आठवड्यांत येणारे संकट महिन्याच्या चाळणीतून निसटते. मे महिन्यातील पाऊस आणि जूनमधील कोरडेपणा यांची बेरीज केली, तर सरासरी बरी दिसते आणि पीक मात्र वाळलेले असते. म्हणून पर्जन्यमापकाबरोबर मातीकडेही रोज पाहावे लागते.

ब्रिटनमध्ये यासाठी २०१३ पासून 'कॉसमॉस-यूके' नावाचे जाळे उभारले गेले आहे. त्यातील उपकरणे अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांचा उपयोग करून घेतात. विश्वकिरणांमुळे वातावरणात वेगवान न्यूट्रॉन तयार होतात. पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर आदळून हे न्यूट्रॉन मंदावतात, कारण दोघांचे वस्तुमान जवळजवळ सारखे असते. कॅरमची सोंगटी तेवढ्याच वजनाच्या सोंगटीवर आदळली, की बराचसा वेग गमावते, तसेच हे. जमीन ओली असेल, तर परत येणारे वेगवान न्यूट्रॉन कमी. जमीन कोरडी असेल, तर जास्त. जमिनीला हात न लावता, भोवतालच्या शे-दोनशे मीटर परिसराचा ओलावा एक उपकरण सतत मोजत राहते. अशा मोजणीमुळे घसरण सुरू झाल्यावर काही दिवसांत तिचा सुगावा लागू शकतो. गवत करपण्याच्या दोन आठवडे आधी सूचना मिळाली, तर पशुपालक चाऱ्याची सोय करू शकतो, काही जनावरे वेळीच विकू शकतो आणि अग्निशमन दल माळरानांवर लक्ष ठेवू शकते.

तापणारी हवा

तापमान एक अंशाने वाढले, की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ब्रिटनमध्ये २०१४ ते २०२३ हे दशक १९६१ ते १९९० या काळाच्या तुलनेत सुमारे सव्वा अंशाने उबदार होते. म्हणजे तोच प्रत्यावर्त आज येऊन बसला, तरी खर्चाचा दर पूर्वीपेक्षा अधिक असणार. पावसाचे मात्र इतके सरळ नाही. ब्रिटनमधील पाऊस वर्षावर्षाला फार बदलतो आणि शीघ्र दुष्काळ अखेर पावसाच्या खंडातूनच सुरू होतो. त्यामुळे 'तापमान वाढले म्हणून दरवर्षी शीघ्र दुष्काळ' असे म्हणणे चूक ठरेल. खंड पडला, तर पूर्वीपेक्षा कमी दिवसांत ताण बसेल, एवढे म्हणणे योग्य आहे. जागतिक पातळीवर पाहता, २०२३ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञ शिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगातील सुमारे तीन-चतुर्थांश प्रदेशांत दुष्काळांचा कल संथाकडून शीघ्राकडे झुकत असल्याचे आढळले.

आधीचा ओला काळ हे संरक्षण नव्हे, हे २०२५ ने पुन्हा दाखवले. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमधील नोंदींत सर्वांत ओले ठरले होते. त्यानंतर एकाच वर्षाने, २०२५ चा वसंत ऋतू ब्रिटनमध्ये विक्रमी उबदार आणि विक्रमी उन्हाचा, तर इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतील सर्वांत कोरडा ठरला. मे महिन्यातच वायव्य इंग्लंडमध्ये दुष्काळ जाहीर करावा लागला.

आपल्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. मोसमी पावसातील उघडीप लांबली, की पंधरा-वीस दिवसांत सोयाबीन माना टाकते, हे तो जाणतो. ऑगस्ट २०२३ हा भारतातील १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आपल्याकडील 'पावसाचा खंड' आणि ब्रिटनमधील प्रत्यावर्त यांची हवामानशास्त्रीय कारणे वेगळी आहेत, पण मुळांच्या थरातील जमाखर्च सारखाच आहे. 'पाऊस किती पडला' याबरोबर 'किती दिवसांच्या अंतराने पडला' हे विचारणारा शेतकरी शीघ्र दुष्काळाचे शास्त्रच बोलत असतो.

वर्गात करून पाहा

२० सेंटिमीटर व्यासाच्या दोन सारख्या कुंड्या घ्या. त्यांत सारखी माती भरून गवत किंवा मेथी उगवू द्या. भरपूर पाणी घालून जास्तीचे पाणी निथळू द्या आणि वजन करा. एक कुंडी उन्हात व वाऱ्यावर, तर दुसरी सावलीत ठेवा. पाणी न घालता दोन्हींचे रोज सकाळी वजन करा. या कुंडीचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणून ३१.४ ग्रॅम घट म्हणजे एक मिलिमीटर पाणी. रोजचा खर्च मिलिमीटरमध्ये काढून आलेख मांडा. कोणत्या दिवशी पाने मलूल झाली, त्याची आलेखावर खूण करा. पाने मलूल झाल्यावर उन्हातील कुंडीचा रोजचा खर्च कमी होतो का, हेही पाहा. पर्णरंध्रे मिटल्याची ती निशाणी असेल. शेवटी तापमापीने दोन्ही कुंड्यांतील मातीचे दुपारचे तापमान मोजा आणि त्यातील कोणता फरक उन्हामुळे व कोणता कोरडेपणामुळे, हे वेगळे कसे करता येईल, त्याची चर्चा विद्यार्थ्यांना करू द्या. त्यासाठी तिसरी कुंडी लागेल. ती कशी ठेवायची आणि तिला पाणी द्यायचे की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

हा प्रयोग मी त्या जूनआधी स्वतः केला असता, तर त्या शेतकऱ्याला दुसरे उत्तर दिले असते. भूजल चांगले आहे, पण येते दोन आठवडे पाऊस नाही आणि ऊन कडक आहे; तेव्हा गवत आजच कापून ठेवा, असे मी त्याला सांगितले असते.